खोड घोड्याला नाही, सौद्याला आहे



घोडा आपल्या दावणीला असतो तोवर त्याला एकही खोड नसते. यात्रेतल्या खुंट्याला बांधला की तासाभरात सात निघतात. डोळ्याखाली भोवरा आहे, म्हणे घरधन्याला रडवील. पाठीवर गोम आहे, म्हणे घर बसवील. एक पाय पांढरा आणि तीन काळे, म्हणे वरातीला चालणार नाही. सांगणारा कोण? घ्यायला आलेला हेडी. ज्या घोड्याने घर बुडणार आहे तो हा भला माणूस स्वतःच्या घरी न्यायला निघालाय, फक्त वीस हजार कमी करून. वीस हजार सुटले की भोवऱ्याचा दोष जातो. चार दिवसांनी तोच घोडा दुसऱ्या बाजारात उभा राहतो तेव्हा त्याच भोवऱ्याचे नाव बदलून देवमण झालेले असते.

कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात घोड्याचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. महाराष्ट्रातले घोड्यांचे मोठे बाजार भरतात ते आपल्याच मुलखात. तापीकाठचे सारंगखेडा घ्या, नंदुरबार जिल्ह्यातले. दत्तजयंतीला तिथे यात्रा. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातले माळेगाव घ्या. मार्गशीर्षातच खंडोबाची यात्रा, घोडा-गाढव-उंटापर्यंत सगळे. दोन्हीकडे आजूबाजूला कापूस आणि ज्वारी. इकडे इस्लामपूरच्या बाजूला कृष्णा-वारणेच्या पाण्यावर ऊस उभा आहे, आणि पूर्वेला जत-आटपाडी, उत्तरेला माण-खटाव कोरडे. तिथला शेतकरी खिलार खोंड घेऊन खरसुंडीला, पुसेगावला, जतच्या यल्लम्माच्या यात्रेला जातो. कोणी घोडी पाळतो, शिंगरू वाढवतो. पाळणारा बहुधा दुष्काळी आणि शौकाने घेणारा बहुधा बागायती, ही वाटणी कोणी कागदावर लिहिलेली नाही, पण ती सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून घोड्यावर लिहिताना बैलही त्यातच धरावा.

मार्गशीर्ष म्हणजे कसला महिना? कापसाची पहिली-दुसरी वेचणी घरात, ज्वारी अजून उभी, उधारीवाला दारात. याच महिन्यात जनावर बाजारात जाते. हेडी हे कॅलेंडर तुमच्यापेक्षा बारकाईने वाचतो.

आता या भोवऱ्यांचे पाहू. देवमण शुभ, आसूढाळ अशुभ, पंचकल्याणी भाग्याचा, ही यादी जुनी आहे. शालिहोत्राच्या नावाने चालणाऱ्या शास्त्रात लक्षणे आहेत तसे रोग आहेत, खूर आहेत, चारापाणी आहे. आपण खूर विसरलो आणि भोवरे पाठ केले. केस कोणत्या दिशेला वळावा हे शिंगरू पोटात असतानाच ठरते. त्याचा चालीशी संबंध नाही, दमाशी नाही, आयुष्याशी तर नाहीच. भोवरा घोडा ओळखायला मात्र कामाचा. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखा तो बदलत नाही, म्हणून जनावराच्या ओळखीच्या कागदावर त्याची नोंद करतात. पण ओळखीची खूण म्हणून लिहिणे वेगळे आणि तिच्यापायी भाव पाडणे वेगळे. 'यातली गोम' असे आपण बोलण्यात म्हणतो. घोड्याच्या बाजारातली गोम घोड्याच्या अंगावर नसते, घेणाऱ्याच्या जिभेवर असते.

कापसाला हेच होते. ओलावा आहे, कवडी आहे, पत्ती आली, धागा आखूड. ज्वारीला पावसाने गाठले की 'काळी पडली'. फरक इतकाच की ओलावा मोजायला यंत्र आहे. सरकारी खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, तिथून बारापर्यंत कपात, पुढे माल परत, हा नियम निदान लिहिलेला आहे. भोवऱ्याला यंत्र नाही. तिथे घेणाऱ्याचा शब्द हेच माप.

पण घोड्याला एक गोष्ट साधते जी कापसाला साधत नाही. जिनिंगच्या आवारात कापूस एकदा गाडीतून खाली पडला की पुन्हा भरायची मजुरी, भाडे, वेळ यांच्या भीतीने माणूस पडेल त्या भावाला मान डोलावतो. घोडा आपल्या चार पायांनी घरी परत येतो. सौदा पटला नाही तर दोर सोडायचा आणि निघायचे. मग तरी आपण यात्रेच्या शेवटच्या दिवशी पडत्या भावाने का देऊन येतो? कारण चारा संपलेला असतो. यात्रेतला कडबा यात्रेच्या भावाने घ्यावा लागतो, टेम्पोवाला परतीचे भाडे आधी मागतो, सोबतचा गडी कंटाळलेला असतो. हेडी पहिल्या दिवशी भाव विचारून जातो, दुसऱ्या दिवशी लांबून पाहतो, तिसऱ्या दिवशी तुमची चाऱ्याची पेंढी मोजतो. तो घोडा पाहत नाही, तुम्हाला पाहतो. म्हणून जितके दिवस यात्रा आहे त्याहून दोन दिवसांचा जादा कडबा घरून न्यावा. एका गावच्या तिघाचौघांनी एक गाडी करावी. घोडा सजवण्याआधी ही तयारी. ज्याची पेंढी शिल्लक आहे त्याचा भाव शिल्लक राहतो.

आणि तो रुमाल! जनावरांच्या बाजारात अजूनही दलाल उपरण्याखाली हात घालतो आणि बोटे दाबून आकडे सांगतो. भोवती पन्नास माणसे उभी, त्यात तुमच्या घोड्याला पाच हजार जास्त देणारा एखादा असेल, पण चालू भाव किती हे त्याला कळतच नाही. तुमच्या बोटांत एक आकडा, घेणाऱ्याच्या बोटांत दुसरा, आणि दोन्ही आकडे ठाऊक असलेला एकच माणूस. मधल्या फरकाला तो दलाली म्हणत नाही, कारण दलाली तो वेगळी घेतो. याला 'परंपरा' म्हणणाऱ्यांनी एवढे सांगावे, की ती परंपरा कोणाच्या सोयीची? वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजाराचा कायदा १८९७ साली आला. त्याला सव्वाशे वर्षे होऊन गेली, तरी उपरण्याखालचा अंधार तसाच. घोड्याचा भाव मोठ्याने सांगा. 'एक लाख दहा हजार' असे चार खुंट्यांपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. जो दलाल म्हणेल, असे बोललात तर गिऱ्हाईक पळेल, त्याला विचारा की कोणाचे गिऱ्हाईक, माझे की तुझे?

दलालांवर इलाज म्हणून सरकारनेच भाव बांधून द्यावा, असे म्हणणारे भेटतात. हा प्रयोगही होऊन गेला. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीने घोड्यांचे भाव बांधले. बरनीने ते लिहून ठेवले आहेत: पहिल्या प्रतीचा घोडा शंभर ते एकशेवीस टंका, दुसरी प्रत ऐंशी ते नव्वद, तिसरी पासष्ट ते सत्तर, आणि तट्टू दहा ते पंचवीस. दलालांना पकडले, हाकलले. वाचून कोणालाही बरे वाटेल. पण सुलतानाला एवढा कळवळा कोणाचा होता? घोडा पाळणाऱ्याचा नव्हे. त्याला मोठी फौज थोड्या पगारात उभी करायची होती, त्यासाठी घोडा स्वस्त हवा होता. दलाल गेला आणि त्याच्या जागी सुलतान बसला. बांधलेला भाव कोणासाठी बांधला, हे बांधणाऱ्याच्या गरजेवरून ओळखावे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपली वेचणी तोंडावर असताना, कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकले, ते कोणाच्या गरजेसाठी?

एवढे दुसऱ्यांना बोलून झाले. आता आपल्याकडे वळतो, आणि हे काहींना रुचणार नाही.

म्हाताऱ्या घोड्याचे दात कानशीने घासून, त्यात काळे खड्डे पाडून त्याला सात वर्षांचा करणारे लोक हेड्यांत आहेत तसे आपल्यातही आहेत. पांढरे केस रंगवणारे आहेत. लंगड्या घोड्याला गिऱ्हाईक यायच्या आधी फिरवून गरम करणारे, मऊ वाळूतच चालवून दाखवणारे, मरगळलेल्या जनावराच्या शेपटीखाली तिखट-आले लावून त्याला तेज आणणारे आहेत. बैलाला मीठ चारून पाणी पाजून पोट टमटमीत करणे तर घरोघरी ठाऊक. या युक्त्या जगभरच्या घोडेबाजारांत जुन्या आहेत, म्हणून त्या चांगल्या होत नाहीत. आणि त्यांचा तोटा गिऱ्हाइकाइतकाच आपला आहे. कसा तो पाहा.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळाले. त्याचे म्हणणे साधे आहे. आतला दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला कळत नसला, तर घेणारा प्रत्येक गाडी खराब असू शकते असे धरूनच भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो बाजारातून उठतो. मग राहतात त्या खराबच. भाव आणखी पडतो. मोटारीच्या जागी घोडा घाला. एकाने दात घासले की शंभरांच्या दातांवर संशय. मग खऱ्या सहा वर्षांच्या घोडीलाही नऊ वर्षांच्या घोडीचा भाव सांगतात, आणि सांगणाऱ्याला खोटे तरी कसे म्हणणार? हेड्याच्या 'खोडी'ला बळ येते ते इथून. लबाडी करणारा यात्रेतून पैसे घेऊन जातो आणि त्याची किंमत शेजारच्या खुंट्यावरचा चोख माणूस भरतो.

म्हणून घोडा दाखवायचा तो उघडा दाखवावा. त्याची तयारी यात्रेच्या आदल्या रात्री होत नाही, दोन-अडीच महिने लागतात. दसऱ्याला सुरुवात केली तर मार्गशीर्षात घोडा उभा राहतो.

पहिले जंताचे औषध आणि धनुर्वाताची लस, पशुवैद्याच्या हातून. मग खुराक. हरभरा भिजवून, गव्हाचा कोंडा, बाजरी, आणि मुख्य म्हणजे चांगला कडबा-घास. दाणा रोज मूठमूठ वाढवावा. एकदम पाटी भरून दाणा घातला की पोटशूळ उठतो किंवा खूर धरतात. घोड्याला ओकता येत नाही हे ध्यानात असू द्या. आत गेलेले बाहेर काढायची वाट त्याला देवाने ठेवलेली नाही. यात्रेसाठी चरबी चढवलेला घोडा गाडीतून उतरताच आडवा झाला, तर दोष खुराकाच्या घाईचा.

अंगाला रोज खरारा, अर्धा तास. तेल चोपडून आणलेली चमक धूळ धरते आणि जाणत्याला लगेच कळते. खराऱ्याची चमक आतून येते. खूर महिना-सव्वा महिन्याने नालबंदाकडून साळून घ्यावेत. नवे नाल यात्रेच्या आठ-दहा दिवस आधी ठोकावेत, आदल्या दिवशी नव्हे. खिळा जिवंत खुरात गेला तर घोडा ऐन बाजारात लंगडतो, आणि मग लाख शपथा घेतल्या तरी कोणी ऐकत नाही.

यापेक्षा मोठे काम शिकवण्याचे. घोड्याने चारही पायांवर सरळ उभे राहावे. चारही पाय एकेक करून परक्या माणसाला उचलू द्यावेत. तोंड उघडू द्यावे. हलगी, भोंगा, फटाका, गर्दी यांची सवय गावच्या बाजारात नेऊन आधीच करावी. जो घोडा दात पाहू देत नाही त्याचे दात घासलेत, असेच गिऱ्हाईक धरून चालते, आणि त्यात त्याची चूक नाही. दाताचा हिशोब घरातल्या पोरापोरींनाही शिकवा. पुढचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांला पडतात, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाचाला तोंड भरते. पुढे खालच्या दातांवरचे काळे खड्डे सहा-सात-आठला क्रमाने झिजतात. स्वतः ओठ वर करून दाखवा आणि वय सांगा. मागायच्या आधी दाखवलेल्या दातांवर वाद होत नाही.

चाल दाखवायची ती कडक, सपाट जमिनीवर, दोर ढिला सोडून, सरळ जाताना आणि सरळ येताना. आधी चालीने, मग दुडकीने. पुढचा पाय दुखरा असेल तर तो टेकताना घोडा मान वर उचलतो. एवढी एक खूण कळली तरी अर्धी फसवणूक टळते, घेतानाही आणि विकतानाही. दोर आवळून, मान वर धरून जो घोडा पळवतो तो हीच खूण लपवतो. आपला घोडा चोख असेल तर दोर ढिला सोडायला भ्यायचे कशाला?

दोष असेल तर? सांगावा आणि भावात धरावा. इथे कायद्याची एक गंमत आहे, ती प्रत्येकाने पाठ करावी. १८७२ चा आपला करार कायदा. त्याच्या सतराव्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगताना उदाहरण दिले आहे ते घोड्याचेच. घोड्यात दोष आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, लिलावात तो गप्प राहिला, तर कायदा म्हणतो ही फसवणूक नव्हे. मात्र घेणारा जर म्हणाला, की तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा निर्दोष आहे असे मी धरीन, आणि तरी विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलल्यासारखेच. दीडशे वर्षांपूर्वीच्या सायबाने एवढे लिहून ठेवले आहे. म्हणजे घेताना प्रश्न मोठ्याने, दोन साक्षीदारांसमोर विचारायचा. आणि विकताना त्या प्रश्नाची वाट न पाहता उत्तर आधीच द्यायचे, कागदावर. रंग, वय, उंची, भोवऱ्यांच्या खुणा, ठाऊक असलेला दोष, इसार किती, बाकी कधी. दोन सह्या, दोन साक्षी. असा कागद हातात असला की महिन्याने 'घोडा परत घ्या, पैसे द्या' म्हणून दारात येणाऱ्या दांडगटाला उत्तर असते.

दुसरा कागद रक्ततपासणीचा. ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो, आणि ज्या घोड्यात सापडला तो घोडा कायद्याने मारावा लागतो. तपासणी आधी करून निकाल खुंट्याला लावावा. लम्पीच्या वेळी, २०२२ च्या सप्टेंबरात, राज्यातले गुरांचे बाजार बंद झाले तेव्हा ऐन गरजेला विकणारा कसा अडकला ते आपण पाहिले आहे. एका रोगट जनावराने सगळ्यांचा बाजार बुडतो.

या सगळ्यावर वर्तमानपत्रे काय छापतात? 'अमुक घोड्याची किंमत कोटीत!' बातमी नीट वाचली तर कळते की ती किंमत मागितलेली आहे, मिळालेली नाही. मागायला काय जाते? त्या बातमीने गावातला पोरगा कर्ज काढून मारवाडी शिंगरू आणतो, आणि दोन वर्षे कडबा-हरभरा घालून कळते की कोटीवाला घोडा तसाच मालकाच्या घरी परत गेला. बाजेवर उभा राहून नाचणाऱ्या घोड्याचेही तेच. टाळ्या खूप, पण पाय कसे तुटतात ते टाळ्या वाजवणाऱ्यांना दिसत नाही. भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा, मराठ्यांच्या घोडदळातला म्हणून ओळखला जाणारा, आज मुख्यतः धनगर बांधवांच्या मेंढरांमागे ओझी वाहतो. त्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद अलीकडेच झाली. काटक, कमी खाणारा, आपल्या माळाला मानवणारा. त्याच्यावर पहिल्या पानाची बातमी कधी पाहिलीत?

देशात घोडे-तट्टे उरलीत किती? २०१९ च्या पशुगणनेत सुमारे ३ लाख ४० हजार. २०१२ च्या मानाने पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त घट. यंत्र आले, गाडी आली, हे खरेच. पण ज्याला अजून पाळायचा आहे त्याला सरकार काय म्हणते ते ऐका. वस्तू-सेवा करात शेतीच्या सेवांना सूट आहे. सूट कशाला? पिकांच्या लागवडीला आणि सर्व प्राण्यांच्या संगोपनाला, 'घोडे वगळून'. गाय शेती, शेळी शेती, कोंबडी शेती, रेशमाची अळीसुद्धा शेती. घोडा तेवढा शेती नाही. गाईबैलाच्या विक्रीवर हा कर शून्य. जिवंत घोड्यावर आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असलेल्याला नोंदणी लागत नाही, म्हणून आपल्यासारख्याच्या खुंट्यापर्यंत तो आकारणीला येत नाही, हे मान्य. पण नोंदणीवाला व्यापारी तोच आकडा पुढे करून आपला भाव कापतो, ही आणखी एक खोड झाली. कायदा करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यतीतला घोडा होता. त्याच्या ओझ्याखाली मेंढरांमागचे तट्टू आणि दुष्काळी शेतकऱ्याची घोडी दोन्ही आली. बैलाची तऱ्हा उलटी. कर नाही, पण मार्च २०१५ पासून गोवंश हत्याबंदीने म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईकच ठेवले नाही.

'घोडे वगळून' हे दोन शब्द कायद्यातून काढा, हा ठराव इस्लामपूरच्या जिल्हा बैठकीपुढे यावा, आणि त्याच्या जोडीला दुसरा. आपल्या जिल्ह्यांतल्या जनावरांच्या यात्रांत बाजार समित्यांनी आणि यात्रा कमिट्यांनी कडक जमिनीची एक धाव आखून द्यावी, तिथे पशुवैद्य बसवावा आणि सौद्याचा आकडा मोठ्याने पुकारून पावतीवर लिहावा. समित्या ऐकतील तेव्हा ऐकतील. तोवर पुढच्या यात्रेत आपल्या दावणीपाशी कोणी उपरणे पसरून हात पुढे केला, तर आपले हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि त्याला म्हणायचे, तोंडाने बोल.